माळावरचं गाव

शाळेत इतिहास शिकवताना दरवर्षी एक धडा ठरलेला असायचा: 1897 चा पुण्याचा प्लेग, रँड आणि चापेकर बंधू. एरवी पेंगणारी मुलंही या धड्याला कान टवकारून बसायची. गोऱ्या सोजिरांच्या घरझडत्या, देवघरात शिरलेले बूट आणि 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झाडलेल्या गोळ्या. धड्यात जुलूम होता, सूड होता, फाशी होती, आणि परीक्षेला हमखास एक प्रश्न. कराडच्या बाजूला कृष्णाकाठच्या एका हायस्कुलात मी निवृत्त होईपर्यंत हा धडा शिकवला. तो संपवताना मला नेहमी माझ्या आजीचा प्लेग आठवायचा. त्या प्लेगात रँड नव्हता. त्यात हुरडा होता.

आजीचा जन्म एकोणिसावं शतक सरतानाचा. तिच्या लहानपणचे कितीतरी हिवाळे गावाबाहेर, खोपीत गेले. ती सांगायची, "दिवाळी झाली की उंदरं पडाय लागायची. मग गाव उठायचा. माळाला खोपी घालायच्या. लई मजा यायची बग." आणि लगेच पुढचं वाक्य यायचं, "माझा धाकला भाऊ त्याच खोपीत गेला." दोन्ही वाक्यं एकाच सुरात. मधे थांबणं नाही, डोळ्याला पदर नाही. पहिल्या वाक्याला हसून तयार असलेली मी दुसऱ्या वाक्याला तशीच राहायचे. कुठला चेहरा करावा ते कळायचं नाही. तिला मात्र त्यात काही विसंगत वाटायचं नाही.

हा प्लेग आपल्याकडे आला तो गलबतातून. 1894 मध्ये त्याने हाँगकाँगला धुमाकूळ घातला होता. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत, गोदीला आणि धान्याच्या वखारींना लागून असलेल्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला. काखेत किंवा जांघेत गाठ, फणफणून ताप, आणि चार-पाच दिवसांत बहुतेकदा शेवट. सुमारे आठ लाख वस्तीच्या त्या शहरातून पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मी माणसं निघून गेली. गिरण्यांचा कामगार मुख्यतः रत्नागिरीचा, साताऱ्याचा, पुण्याकडचा. तो बोटीने आणि आगगाडीने गावी परतला. पत्र्याच्या ट्रंकेत कपडे होते, मुलांसाठी खाऊ होता, आणि कधी कधी कपड्यांच्या घड्यांत पिसवाही होत्या. मुंबईचा मुलगा घरी आला म्हणून ज्या घरात पुरणपोळी झाली, त्याच घरात आठवड्याने तिरडी बांधली गेली, अशा हकिगती आमच्या भागातली जुनी माणसं सांगत.

सरकार घाबरलं होतं. रोगाच्या भीतीने परदेशी बंदरांनी मुंबईचा माल नाकारला, तर व्यापारच बुडणार होता. 4 फेब्रुवारी 1897 ला साथरोगांचा कायदा झाला. जेमतेम चार कलमांचा, पण अधिकाऱ्यांना वाटेल ते करू देणारा. पुण्यात रँड यांच्या हाती प्लेग कमिटीचा कारभार आला आणि मार्चच्या मध्यापासून सैनिकांच्या तुकड्या घरोघर फिरू लागल्या. माणसांना रस्त्यावर उभं करून काखा-जांघा तपासायच्या, बायकांनाही. रोगी सापडला की तो संगमाजवळच्या इस्पितळात, घरची उरलेली माणसं वेगळ्या छावणीत. घरातली जमीन उकरायची, भिंतींना चुना मारायचा, गोधड्या-कपडे जाळायचे. हे दोन महिने चाललं.

शाळेच्या पुस्तकात इथे फक्त संताप उरतो. खरं तर त्या दोन महिन्यांतही पुण्याची मनं इतकी सरळ नव्हती. झडत्या सुरू होण्याच्या तोंडावर, 10 मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करता करता त्यांना लागण झाली होती. टिळकांनी 'केसरी'त सोजिरांच्या वागणुकीवर कोरडे ओढले, पण रोग्याला वेगळं ठेवलं पाहिजे हेही सांगितलं. हिंदू रोग्यांसाठी निराळं इस्पितळ उभं करायला ते स्वतः झटले, आणि गाव सोडून पळालेल्या पुढाऱ्यांनाही त्यांनी चार शब्द सुनावले. पंडिता रमाबाईंनी आपल्याकडच्या मुलींना सरकारी व्यवस्थेत काय सोसावं लागलं ते जाहीरपणे लिहिलं. एकाच माणसाला एकाच दिवशी सोजिरांचा संताप यावा, शेजारच्या घरातला रोगी हलवला म्हणून सुटल्यासारखं वाटावं आणि त्या सुटकेची लाजही वाटावी, असा तो काळ होता. मे महिन्यात साथ ओसरली. 22 जूनला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव आला, टेकड्यांवर रोषणाई झाली, आणि त्याच रात्री रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या सुटल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड जुलैच्या सुरुवातीला. पुढे दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव हे तिघे चापेकर भाऊ आणि त्यांचे मित्र महादेव रानडे फासावर गेले.

पण खेडोपाडी पलटण पाठवणं सरकारलाही जमणारं नव्हतं. पुण्यातल्या खुनांच्या आणि पुढे मुंबईतल्या दंग्यांच्या अनुभवाने हातही आखडला. 1898 नंतर जबरदस्ती हळूहळू कमी होत गेली आणि लहान गावांसाठी एकच उपाय खरा ठरला: गाव रिकामं करणं. तो उपाय लोकांना नवीन नव्हता. तिकडे गढवाल-कुमाऊँच्या डोंगरांतली माणसंही घरात उंदीर मरून पडले की गाव सोडायची. आमच्याकडेही दोन-तीन वर्षांत तेच शहाणपण रुजलं. आढ्यावरून उंदीर धपकन पडला, दोन गिरक्या घेऊन मेला, की निघायचं. गाठ येण्याची वाट बघायची नाही.

यामागचं कारण 1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं. उंदीर मरतो, थंड पडतो, त्याच्या अंगावरच्या पिसवा नवं अंग शोधतात आणि माणसाला चावतात. तज्ज्ञांनी आधी त्याला हसण्यावारी नेलं. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतल्या संशोधनातून हे पक्कं व्हायला पुढची दहा वर्षं जावी लागली. ती प्रयोगशाळा वाल्डेमार हाफकिन यांची. प्लेगची लस त्यांनी मुंबईत तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये सगळ्यांत आधी स्वतःला टोचून घेतली. गावाकडे 'टोचणारा' आला की माणसं उसात लपायची. माळावर जायला मात्र कुणाला सांगावं लागत नसे.

आता ती खोप कशी असायची ते सांगते, कारण पुस्तकांतून ती गायब आहे. चार मेढी रोवायच्या, वर आडं टाकायचं. भिंतींना तुराट्यांचे कूड, बाहेरून शेणमातीचा हात. वर पाचट किंवा कडबा. दार म्हणजे एक ताटी. बैलगाडीतून जातं, पाटा-वरवंटा, हंडा, देव्हाऱ्यातले देव आणि म्हातारी माणसं आणायची. धान्य गरजेपुरतंच, बाकी पेवात. रिकाम्या गावाला चोरांचं भय, म्हणून रामोशी राखणीला. ग्रामदेवतेच्या देवळात गुरव रोज दिवा लावून परत यायचा. गावातली कौलं काही जण उतरवून ठेवायचे, घरात ऊन पडावं म्हणून.

प्लेगचा जोर आमच्याकडे थंडीत. कडक उन्हाळ्यात पिसवा टिकत नाहीत, म्हणून चैत्र-वैशाखात गाव पुन्हा भरायचं. म्हणजे माळावरचे महिने कोणते, तर मार्गशीर्ष, पौष, माघ. शाळू दाण्यात आलेला, हरभरा घाट्याला आलेला, बोरी लगडलेल्या, गुऱ्हाळं पेटलेली. आजीच्या मजेचा उगम इथे होता. गावात असताना पोरींना उंबऱ्याबाहेर फार वेळ फिरकू देत नसत. माळावर उंबराच नव्हता. सकाळी उठल्यावर समोर थेट आगाशिवाचा डोंगर. दिवसभर बोरं, काकवी, हरभऱ्याचा हुळा. संध्याकाळी आगटीत कणसं भाजायची, गरम हुरडा हातावर चोळायचा, सोबत लसणाची चटणी. रात्री सगळ्या खोपींच्या मधल्या अंगणात शेकोटी, भजन, कुणाची तरी राक्षसाची गोष्ट. मास्तर लिंबाखाली शाळा भरवायचे आणि वारा आला की धुळाक्षरांसकट अभ्यास उडून जायचा.

सुनांचीही गोष्ट तीच. माजघरात, चुलीच्या धुरात वर्ष काढणाऱ्या बायका इथे उघड्यावर स्वयंपाक करत, एकमेकींशी मोठ्याने बोलत. सासूला तरी खोपीत सोवळं-ओवळं किती पाळता येणार? आजीच्या आईने एकदा लेकीला सांगितलं होतं म्हणे, की लग्न झाल्यापासून पोटभर चांदणं मी पहिल्यांदा माळावर बघितलं. हे ती कुजबुजत म्हणाली होती, कारण त्याच आठवड्यात शेजारच्या खोपीतून दोन माणसं उचलली होती.

त्याच हिवाळ्यात, संक्रांतीच्या आसपास, आजीच्या पाच वर्षांच्या भावाला ताप भरला. जांघेत गाठ. वडील बैलगाडी जोडून कराडला वैद्याकडे गेले. ते परत येईपर्यंत पोर गेलं होतं. नदीकाठी पुरलं. आजीच्या आईने तीन दिवस तोंडात पाणी घेतलं नाही. चौथ्या दिवशी, सुतक चालूच होतं तेव्हा, शेजारणी गुळाची पोळी घेऊन आल्या. त्यांनी ती आधी मुलांना भरवली, मग बळेच आईला. "आणि आय खाऊन रडली," आजी सांगायची, "आनि मग म्हनली, पोळी चांगली झालीया." या वाक्याला माझ्या लहानपणी मी दचकायचे. मोठी झाल्यावर मला त्या बाईचं धारिष्ट्य कळलं. पोळी चांगली होती. पोरगा गेला होता. त्यातलं एक खोटं पाडायची तिला गरज वाटली नाही.

ही फक्त आमच्या घरची रीत नव्हती. 1903 मध्ये टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. तेव्हा ते म्हणाले असं सांगतात, की गावाची होळी पेटली की आपल्या घरच्या गोवऱ्याही त्यात जायच्याच. काहींना ते वाक्य कठोर वाटतं. मला त्यात आपलं दुःख गावाच्या दुःखाशेजारी ठेवून बघणारा बाप दिसतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त नगरच्या प्लेगची हकिगत आहे. मरणाच्या त्या गर्दीतही बाईंचा विनोद हटत नाही, आणि त्याने मरण हलकंही होत नाही. आणि धोंडो केशव कर्वे यांचा विधवांसाठीचा आश्रम पुणे शहरातून हिंगण्याच्या माळावर गेला, त्यामागे प्लेग हेच कारण होतं. 1900 साली तिथे एक झोपडी उभी राहिली. फर्ग्युसनमध्ये शिकवून झालं की अण्णासाहेब पायी तिकडे जात. साथीने शहराबाहेर ढकललेल्या त्या झोपडीच्या जागी पुढे केवढी संस्था वाढली! प्लेगचे आभार कुणी मानणार नाही, मानूही नयेत. पण त्या मुलींना मोकळी हवा आणि पायाखाली जमीन मिळाली, हेही पुसता येत नाही.

मात्र माळावरची मजा सगळ्यांच्या वाट्याला आली नाही. ज्यांचं स्वतःचं शेत होतं त्यांनी आपल्या शेतात खोप घातली. ज्यांना शेत नव्हतं ते दुसऱ्याच्या बांधावर, मिंधे होऊन. मजुरी बंद, त्यात 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ मागेपुढे. महारवाड्याच्या खोपी इथेही वेगळ्या, वाऱ्याची दिशा बघून खालच्या अंगाला. रिकाम्या गावातली नकोशी कामं पुन्हा त्यांच्याच गळ्यात. नोकरीत असताना मी गावातल्या म्हाताऱ्यांकडून प्लेगच्या आठवणी लिहून घ्यायचे. त्या वस्तीतल्या एका वृद्ध गृहस्थांना मी विचारलं, गाव बाहेर गेलं तेव्हा तुमच्या आजोबांना काय वाटलं असेल? ते हसले. म्हणाले, "बाई, आमी तर कायमच गावाबाहेर. त्या साली गावच आमच्याकडं आला." आजा सांगायचा तेव्हा त्याच्याही बोलण्यात भूक होती, मेलेली माणसं होती, आणि पाटलाची बायको आपल्यासारखीच तीन दगडांच्या चुलीवर रांधताना दिसली याची गंमतही होती, असं ते म्हणाले. ती गंमत कडवट होती, पण होती.

या सगळ्या वह्या पुन्हा पुन्हा वाचल्यावर मला एक फरक दिसू लागला. पुण्याच्या सरकारी छावणीतून आलेल्या आठवणींत राग आहे, भीती आहे, अपमान आहे. हुरडा कुठेच नाही. माळावरच्या खोपींच्या आठवणींत मात्र सगळं आहे. रोग तोच, मरणं तीच. फरक इतकाच, की छावणीत माणसांना नेलं गेलं आणि खोप त्यांनी स्वतः बांधली. कधी निघायचं, कुठे राहायचं, शेजारी कोण, मेलेल्याला कसं पोचवायचं, देव कुठे ठेवायचा, हे त्यांच्या हातात होतं. हातात एवढं असलं तर माणूस दुःखाच्या दिवसात हसूही शकतो आणि त्या हसण्याला गुन्हा मानत नाही. सगळंच हिसकावून घेतलं, तर उरतो तो फक्त राग. पुण्यात उरलेल्या त्या रागाचा धडा झाला. आजीच्या खोपीचा धडा झाला नाही, कारण तो पाच ओळींत मावणारा नव्हता.

सिंधुदुर्गात आचऱ्याकडे अजून गावपळण होते. ग्रामदेवतेचा कौल झाला की सगळं गाव, गुराढोरांसकट, तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहतं. झोपड्या बांधायच्या, रात्री भजनं, फुगड्या, मासळीचं जेवण. भीती आणि सहल एकाच मांडवाखाली नांदवायची ही सवय आपल्याकडे आहे. तिला आपण इतिहासात जागा दिली नाही, एवढंच.

1918 ची मानमोडी, म्हणजे फ्लूची साथ, आली तेव्हा माळही कामाला आला नाही. तो ताप श्वासातून पसरत होता, खोपीत आणि वाड्यात सारखाच. पुढे प्लेगचा जोर ओसरत गेला. नंतर औषधं आली, डीडीटी आली, आणि खोपींचे हिवाळे थांबले. 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामल्यात आणि मग सुरतेत प्लेगच्या बातम्या आल्या, तेव्हा लोकांनी तोंडाला रुमाल बांधून गाड्या गाठल्या. माळावर जाण्याची आठवण तोवर कुणाला उरली नव्हती.

मार्च 2020 मध्ये कोविडमुळे तोच 1897 चा कायदा महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. तेव्हा माझ्या जुन्या विद्यार्थिनी फोन करायच्या. एकीचे काका गेले होते आणि अंत्यदर्शनही झालं नव्हतं. ती रडली, मग थोडं थांबून म्हणाली, "बाई, खरं सांगू? नवरा, मुलं घरात आहेत, सगळे एकत्र जेवतो, बरं वाटतंय. असं वाटणं पाप आहे का?" मी तिला गुळाच्या पोळीची गोष्ट सांगितली. त्याच दिवसांत हमरस्त्याने चालत निघालेल्या मजुरांकडे बघताना मला पुण्याची छावणी आठवत होती. त्यांच्या हातात काहीच ठेवलेलं नव्हतं. त्यांना कुणी विचारावं, घरी राहून बरं वाटलं का?

म्हणून माझं सांगणं आहे ते आठवणी गोळा करणाऱ्यांना आणि ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनाही. कुणी त्या वर्षाबद्दल विचारलं, तर गेलेल्यांची नावं सांगा, कुठे खाट मिळाली नाही ते सांगा, कुणी दार उघडलं नाही तेही. आणि त्याच दमात सांगा की मुलाला पहिल्यांदा पोळी लाटायला शिकवली, गच्चीवर पतंग उडवले, आकाश स्वच्छ दिसलं. आधी माफी मागू नका, नंतर सारवासारव करू नका. ऐकणाऱ्याला कुठला चेहरा करावा ते कळणार नाही. न कळू दे. माझ्या आजीने माझी ती अडचण कधी सोडवली नाही, आणि तिने ती सोडवली असती तर तिचा प्लेग मला अर्धाच मिळाला असता.